अमेरिकेत खासदार विमा कंपनीच्या साहेबांना समोर बसवून विचारतात, आपल्याकडं कोण विचारणार?

लेथवाला_उद्यमनगर

मंडळी नमस्कार, जरा लांबड लागंल पण वाचा आणि सांगा. दीड महिना झाला, बाबांच्या छातीत दुखायला लागलं, इथं कोल्हापुरात शाहूपुरीतल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरनी ईसीजी काढला आणि म्हणाले थांबू नका, तसंच रिक्षातनं हॉस्पिटलात नेलं, अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट, बिल २ लाख ८० हजार. बाबा आता बरे आहेत, सकाळी रंकाळ्याला अर्धी फेरी मारून येतात. मेडिक्लेम होता म्हणून आम्ही बिनघोर होतो पण ऐनवेळी कॅशलेस नाकारलं, म्हणाले आधी तुम्ही भरा मग क्लेम टाका. धाकट्याच्या नव्या मशीनसाठी ठेवलेली एफडी मोडली, भरले, क्लेम टाकला. परवा पत्र आलं, नामंजूर. कारण काय तर बाबांना १० वर्षापासून बीपी आहे आणि फॉर्ममधे ते लपवलं.

आता बाबांची बीपीची गोळी सुरू होऊन दोन वर्षं पण पुरती झालेली नाहीत. मग हे दहा आलं कुठनं म्हणून फाईल काढली तर ॲडमिट करताना एका शिकाऊ डॉक्टरनी हिस्टरी लिहिलीय त्यात आहे. आणि त्याला सांगितलं कुणी, तर आमच्या आईनं. त्यानं विचारलं बीपी कधीपासनं, ही घाबरलेली, म्हणाली "झाली की धा वर्षं, यांचं डोकं कायम चढलेलंच असतंय." त्या पोरानं लिहून घेतलं. आईच्या एका वाक्याची किंमत २ लाख ८० हजार. तिला अजून हे सांगितलेलं नाही, सांगणार पण नाही.

मूळ प्रश्न वेगळाच आहे. पत्र आल्यापासनं रात्री झोप येईना म्हणून मोबाईलवर बघत बसलो तर अमेरिकेतली एक जुनी सुनावणी सापडली, १६ जून २००९ ची. तिथल्या संसदेच्या उपसमितीनं तीन मोठ्या आरोग्य विमा कंपन्यांच्या साहेबांना टेबलापुढं बसवलं होतं. ह्या तीन कंपन्यांनी मिळून पाच वर्षात जवळजवळ २० हजार लोकांच्या पॉलिसी, तेही माणूस आजारी पडल्यावर, मागच्या तारखेपासनं रद्द करून टाकल्या होत्या आणि त्यातनं ३० कोटी डॉलरच्या वर वाचवले होते. बार्ट स्टुपाक म्हणून अध्यक्ष होते उपसमितीचे, त्यांनी एकेकाला विचारलं की माणसानं जाणूनबुजून फसवलं नसंल तर पॉलिसी रद्द करणार नाही असं आत्ता इथं सांगता का? तिघंही नाही म्हणाले. तोंडावर. पुढच्या वर्षी कायदा आला आणि त्यात हा प्रकारच बंद केला, फसवणूक सिद्ध झाली तरच रद्द.

मला वाटलं हे आपल्याकडं का होत नाही? सार्वजनिक आरोग्य खातं राधानगरीच्या आबिटकर साहेबांकडं, वैद्यकीय शिक्षण कागलच्या मुश्रीफ साहेबांकडं, म्हणजे राज्याची दोन्ही खाती आपल्याच जिल्ह्यात, तरी आपल्या माणसानं जायचं कुणाकडं? निवेदन द्यावं का? कुणी दिलंय का? आणि आपले लोकप्रतिनिधी या कंपन्यांशी कधी भांडलेत का खरंच?


तांबडा_जास्त_पांढरा_कमी

भावा बाबा बरे आहेत हे महत्त्वाचं. बाकी दसरा चौकात मंडप टाकूया की, आपण कोल्हापूरकरांनी आंदोलन करून रस्त्यावरचा टोल घालवलाय, ही कंपनी काय चीज आहे.


इचलकरंजी_ते_ओहायो

दादा, तुमची ती सुनावणी मी पण पाहिली आहे. पण इथं १४ वर्षं राहून सांगतो, अर्धीच गोष्ट बघितलीत.

इथं खासदार आणि विमा कंपन्यांचं भांडण लई जुनं. १९९३-९४ ला क्लिंटननी योजना आणली तेव्हा विमा कंपन्यांच्या संघटनेनं टीव्हीवर जाहिराती चालवल्या, स्वयंपाकघरात एक मध्यमवर्गीय नवराबायको बिलं पसरून बसलेत आणि सरकार आता आपला डॉक्टर पण ठरवणार म्हणून काळजी करालेत. योजना मेली. नंतर २००९ ला ओबामांनी घेतलं तेव्हा कंपन्या शहाण्या झाल्या होत्या, सरळ विरोध नाही केला. म्हणाल्या आम्ही आधीचे आजार असलेल्यांना पण घेतो, पण मग प्रत्येक माणसानं विमा घेतलाच पाहिजे अशी सक्ती करा, नाही घेतला तर दंड लावा. म्हणजे गिऱ्हाईक सरकारनंच धरून आणून द्यायचं. ते कायद्यात आलं. आणि सरकारची स्वतःची विमा योजना बाजारात उतरवायची, कंपन्यांना स्पर्धा म्हणून, ते मात्र बाहेर गेलं. सिनेटमधे ६० मतं लागत होती आणि कनेक्टिकटचे सिनेटर जो लिबरमन अडून बसले. त्यांच्या राज्यातलं हार्टफर्ड शहर म्हणजे विमा कंपन्यांचं माहेर, समजून घ्या. २३ मार्च २०१० ला सही झाली ती अशी काटछाट होऊन.

चांगलं काय झालं ते पण सांगतो. एक म्हणजे आधीच्या आजारावरून २०१४ पासनं कुणाला विमा नाकारता येत नाही आणि जास्त हप्ता पण लावता येत नाही. दुसरं, हे फार कुणी बोलत नाही पण मला हेच सगळ्यात भारी वाटतं, हप्त्याच्या प्रत्येक १०० डॉलरमधले किमान ८० उपचारावर आणि त्याच्या दर्जावर खर्च झालेच पाहिजेत, मोठ्या ग्रुप पॉलिसीला ८५. कमी खर्चले तर फरक गिऱ्हाईकाला परत. माझ्या एका मित्राला खरंच चेक आला होता पोस्टानं, त्याला वाटलं फ्रॉड आहे, फाडणार होता.

आता वाईट. टक्का बांधून दिला की कंपनीला खर्च कमी करण्यात रस राहत नाही, कारण २० टक्के मोठ्या रकमेचे मिळाले तर चांगलंच की. आणि मोठ्या विमा कंपन्यांनी स्वतःच डॉक्टरांचे ग्रुप, औषधाचे धंदे विकत घेतलेत, म्हणजे ह्या खिशातनं उपचाराचा खर्च दाखवायचा आणि त्या खिशात घ्यायचा. सक्तीचा दंड २०१७ च्या करकायद्यानं शून्य केला, २०१९ पासनं लागू. २०१७ च्याच जुलैत रिपब्लिकन अख्खा कायदाच मोडायला निघाले होते, तेव्हा त्यांच्याच पक्षाचे सिनेटर मॅककेननी रात्री दीड वाजता सभागृहात येऊन अंगठा खाली केला, म्हणजे विरोधात मत दिलं, म्हणून वाचला. आणि ताजं म्हणजे गेल्या वर्षी हप्त्यावरची जादा सबसिडी चालू ठेवायची का नाही यावरनं १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५, ४३ दिवस सरकार बंद होतं. आमच्या शेजारीण बाई सरकारी नोकरीत, पगार नाही, रोज आमच्या दारात येऊन तेच सांगायच्या. शेवटी सबसिडी डिसेंबरअखेर संपलीच. आणि गंमत अशी की ती सबसिडी लोकांच्या नावानं निघते आणि जाते कंपनीच्याच खात्यात.

त्यामुळं टेबलापुढं बसवून विचारणं बघायला लई गोड वाटतं हो. मला स्वतःला कंपनीचा विमा आहे, तरी वर्षाला पहिले ३ हजार डॉलर माझे मीच भरतो मग त्यांची पाळी.


पॉलिसीवाला_मामा

मी एजंट आहे, शिव्या घालायच्या असतील तर आधी वाचा मग घाला.

आपले खासदार भांडत नाहीत हे खोटं आहे. भांडले की, पण जीएसटीवर. २०२४ च्या फेब्रुवारीत संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीनं आरोग्य विम्यावरचा जीएसटी कमी करा म्हणून अहवाल दिला, जुलैत गडकरींनी अर्थमंत्र्यांना पत्र लिहिलं, नागपूरच्या एलआयसी कर्मचाऱ्यांच्या युनियननं त्यांना निवेदन दिलं होतं त्यावरनं. सत्तेतल्याच मंत्र्याचं पत्र म्हटल्यावर ऑगस्टमधे विरोधी खासदार संसदेच्या दारात फलक घेऊन उभे राहिले. वर्षभर मंत्रिगट बसला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासनं वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के शून्य झाला. गिऱ्हाईकाचा फायदा झाला, मी नाही म्हणत नाही. पण कर शून्य झाला तसं कंपन्यांचं इनपुट क्रेडिट, म्हणजे त्यांनी स्वतःच्या खर्चावर भरलेल्या जीएसटीची वजावट, ते पण गेलं, आणि ते कुणाच्या कमिशनमधनं कापलं विचारा. आमच्या. ह्याच्यावर कोण फलक घेऊन उभं नाही राहिलं.

आणि लेथवाले दादा राग मानू नका, पण फॉर्म भरताना एजंट विचारतो बीपी शुगर काय आहे का तेव्हा निम्मी लोकं म्हणतात लिहू नका मामा हप्ता वाढंल. तुमच्या बाबांचं तसं नसंल, मी सगळ्यांचं बोलतोय.


लेथवाला_उद्यमनगर

मामा राग नाही. पण बाबांनी फॉर्म भरला तेव्हा बीपी नव्हतंच तर लिहिणार काय.


डेस्कवाली

मी एका हॉस्पिटलात इन्शुरन्स डेस्कला बसतो, सहा वर्षं झाली. (हो बाईच आहे, कोल्हापूरची आहे म्हणून "बसतो".) तुमच्या आईनी केलं ते आठवड्यातनं दोनदा होतंय आमच्याकडं. नातेवाईक घाबरलेले असतात, कोण म्हणतं लई वर्षं झाली, कोण म्हणतं लग्नापासनं, आणि रेसिडेंट ३६ तास जागा असतो तो जे कानावर पडंल ते लिहितो. कंपनीवाले फाईल आली की पहिलं तेच पान उघडतात.

आधी एक सांगा, पॉलिसी किती वर्षं चालू आहे? ह्याच कंपनीची आहे का पोर्ट केलेली, म्हणजे दुसऱ्या कंपनीतनं इकडं आणलेली? आणि सम इन्शुअर्ड, म्हणजे विम्याची रक्कम, मधे कधी वाढवला का? तुम्ही सगळं लिहिलंत, अमेरिकेपर्यंत गेलात, पण हेच नाही लिहिलं.


लेथवाला_उद्यमनगर

पहिली पॉलिसी २०१८ ला काढली, ३ लाखाची. २०२२ ला हप्ता लई वाढवला म्हणून दुसऱ्या कंपनीत पोर्ट केली, तेव्हा ५ लाख केला. खंड एकदा पण नाही, बाबा तारखेच्या आधी आठ दिवस भरतात. का ओ ताई?


डेस्कवाली

अहो मग तुमचं काम झाल्यात जमा आहे. इर्डाचा, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा नियम आहे, त्याला मोरॅटोरियम म्हणतात. सलग ६० महिने हप्ता भरला की त्यानंतर माहिती लपवली किंवा चुकीची दिली ह्या कारणावरनं कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच. पोर्ट केलेली आधीची वर्षं पण धरतात. पहिलं हे ८ वर्षं होतं, २०२४ ला ५ केलं. फक्त वाढवलेल्या रकमेला ६० महिने वाढवल्या तारखेपासनं मोजतात, म्हणजे तुमचे वरचे २ लाख अजून त्यात बसत नसतील, पण बिलच २ लाख ८० आहे ना, ते जुन्या ३ लाखातच बसतंय.

पत्रात बघा, क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीचा उल्लेख आहे का. त्या कमिटीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही असं पण त्याच वर्षीच्या परिपत्रकात आहे. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या, त्यात "६० महिने पूर्ण, पोर्टिंगसह" हे पहिल्या ओळीत पाहिजे. आईची आणि शिकाऊ डॉक्टरची गोष्ट दुसऱ्या पानावर, शाहूपुरीच्या डॉक्टरांकडनं गोळी कधी सुरू केली त्याचं पत्र जोडून. हिस्टरी खाडाखोड करून बदला म्हणून कुणाच्या मागं लागू नका, मग मात्र तुम्हीच फसवलं असं होईल. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा नाहीच म्हणाले तर विमा लोकपाल, आपल्याला पुणे लागतं. फी नाही, वकील नाही, ५० लाखापर्यंतची तक्रार चालते, सुनावणी व्हिडिओवर पण होते. आपल्याकडं हायकोर्टाचं सर्किट बेंच आलं पण लोकपाल अजून पुण्यातच, असू दे.

आणि कॅशलेसचं म्हणाल तर तासाभरात निर्णय आणि डिस्चार्जची मंजुरी तीन तासात असा नियम आहे कागदावर. मी रोज संध्याकाळी बघतो ते तीन तास कसे असतात. पेशंट कपडे बदलून पिशव्या भरून बेडवर बसलेला, नातेवाईक दर दहा मिनिटाला माझ्या काचेपाशी, आणि मी पोर्टल रिफ्रेश करत बसलोय. त्या तीन तासाच्या वर जो जादा खर्च होईल तो कंपनीनं सोसायचा असं पण लिहिलंय. अजून तरी तो मागताना कुणाला बघितलं नाही, कारण लोकांना घरी जायचं असतंय.


तांबडा_जास्त_पांढरा_कमी

ताई नाद खुळा 🙏 मंडप कॅन्सल


शिरोळचे_काका

मी सरकारी विमा कंपनीत ३१ वर्षे काढली, युनियनमध्ये होतो, आता निवृत्त. डेस्कवर बसणाऱ्या मुलीने बरोबर सांगितले आहे. मला लेथवाल्या चिरंजीवांच्या मूळ प्रश्नाला उत्तर द्यायचे आहे कारण तो प्रश्न क्लेम मिळाला तरी उरतोच.

पहिली गोष्ट, निवेदन घेऊन मंत्र्यांकडे गेलात तर ते ऐकून घेतील, आपलीच माणसे आहेत, चहा पण मिळेल. पण विमा हा विषय घटनेप्रमाणे केंद्राच्या यादीत, आणि दवाखाने राज्याच्या यादीत. आमदाराला कंपनीला जाब विचारायचा अधिकार नाही, आणि खासदाराला हॉस्पिटलच्या दराचा. या फटीत तुमचे बाबा सापडतात. कंपनी म्हणते हॉस्पिटल जास्त लावते, हॉस्पिटल म्हणते कंपनी कमी देते, आणि दोघेही खरे बोलत असतात.

राज्याने स्वतः काय केले, तर जनआरोग्य योजना. २०१२ ला आठ जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, पुढच्या वर्षी सगळ्या राज्यात, नंतर महात्मा फुल्यांचे नाव दिले, आता सगळ्या रेशनकार्डधारकांना ५ लाखांपर्यंत. तुमच्या वडिलांची अँजिओप्लास्टी त्यातून बसली असती, सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात, किंवा योजनेतल्या खासगी दवाखान्यात. पण मेडिक्लेम आहे म्हटल्यावर आपण तिकडे बघतही नाही. पांढरपेशाचा एक तोरा असतो, मलाही होता.

दुसरी गोष्ट, खासदार भांडले ते कशावर. एजंट मामांनी जीएसटीचे सांगितले, तो कर होता, म्हणजे सरकारचा स्वतःचा खिसा. त्याच्या आधीपासूनचे भांडण मालकीचे. १९७२ ला साधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण केले, शंभराच्या वर कंपन्या होत्या त्यांच्या चार केल्या. १९९९ ला कायदा करून परत दार उघडले, परदेशी भांडवल २६ टक्के, २०१५ ला ४९, २०२१ ला ७४, आणि २०२५ च्या डिसेंबरात १००. प्रत्येक वेळी आम्ही गेटवर घोषणा दिल्या, मी स्वतः लक्ष्मीपुरीतून मोर्चा काढलेला आहे. आज मागे बघताना वाटते की आम्हीसुद्धा मालक कोण यावरच ओरडलो. हप्त्यातले किती पैसे पेशंटच्या कामी आले पाहिजेत हा आकडा आम्ही एकदाही फलकावर लिहिला नाही.

ओहायोवाल्यांनी ८० आणि ८५ सांगितले. आता आपले बघा. २०२३-२४ मध्ये फक्त आरोग्य विमाच करणाऱ्या कंपन्यांनी १०० रुपये हप्त्यामागे क्लेमवर दिले ६५ च्या आसपास. आमच्या सरकारी कंपन्यांनी १०३. (त्यात ग्रुप पॉलिसी जास्त, त्यामुळे सरळ तुलना करू नये, आणि अमेरिकेचे मोजमापही थोडे वेगळे, त्यात इतर काही खर्च धरतात. तरी फरक दिसतो.) आपल्याकडे वरून मर्यादा कशावर आहे माहीत आहे का, कंपनीच्या खर्चावर. फक्त आरोग्य विमा करणारी कंपनी हप्त्याच्या ३५ टक्क्यांपर्यंत कमिशन, पगार, जाहिराती यावर घालू शकते. म्हणजे तिकडे नियम सांगतो पेशंटला किमान इतके द्या, इकडे नियम सांगतो स्वतःवर यापेक्षा जास्त उडवू नका. किमान क्लेम किती, याबद्दल काही नाही.

आणि ६० महिन्यांचा तो नियम, ज्याच्यावर तुमचे पैसे परत येतील, तो इर्डाच्या परिपत्रकातून आला. चांगला आहे. पण परिपत्रकाने आले ते परिपत्रकाने जाऊ शकते, म्हणून मला कायदा हवा असतो.


पॉलिसीवाला_मामा

काका ३५ मधे आमचं कमिशन धरून बोललात म्हणून सांगतो, आमच्या वाटणीला येतंय ते बघितलं तर तुम्ही वर्गणी काढाल आमच्यासाठी. ऑनलाइनवाले आणि बँका काय घेतात ते बघा जरा.


शिरोळचे_काका

ते मान्य आहे मामा. बँकांच्या काउंटरवर कर्जाबरोबर पॉलिसी गळ्यात मारतात त्याचा तर वेगळा धागा काढावा लागेल.


इचलकरंजी_ते_ओहायो

काका, टोलचं वरती कुणी म्हणालं तेव्हापासनं डोक्यात आहे. मी तेव्हा इथं होतो, रात्री जागून बातम्या बघायचो, एन. डी. पाटील सर त्या वयात आंदोलनासाठी रस्त्यावर. टोल गेला २०१५ च्या शेवटी, पण कंपनीचे पैसे सरकारनंच चुकते केले ना? इथं सबसिडीचं तेच, तिकडं जीएसटीचं पण तेच. भांडण मिटवायचं म्हणजे सरकारी तिजोरी उघडायची, कंपनीला धक्का नाही लागला पाहिजे.


शिरोळचे_काका

तरी नाक्यावर थांबावे लागत नाही हे काय कमी. तुम्ही लांबून बघितलेत, आम्ही रोज थांबत होतो.


डेस्कवाली

मोठ्या लोकांचं चालू दे. लेथवाले दादा, २०१८ ची पहिली पॉलिसी घरात आहे का? पोर्ट करताना जुन्या कंपनीचे कागद लोक रद्दीत घालतात. ते नसतील तर नव्या पॉलिसीच्या शेड्यूलवर, म्हणजे तपशिलाच्या पानावर, "सलग विमा कधीपासून" ती तारीख छापलेली असते, ती बघा. तिथं २०२२ असंल तर आधी ते दुरुस्त करून घ्यायचं, नाहीतर सगळं तिथंच अडकतंय.


लेथवाला_उद्यमनगर

ताई, शेड्यूलवर २०२२ च आहे!! बघितलं आणि पोटात गोळा आला. मग रात्री कपाट उपसलं, आठ वर्षाची लाईट बिलं, गॅसचं पुस्तक, माझ्या दहावीचं हॉलतिकिट सगळं निघालं, २०१८ चं काही सापडेना. बाबा कॉटवरनं बघत होते, शेवटी म्हणाले काय हुडकालाईस. सांगितलं. तर म्हणतात ते होय, आणि देवघरातल्या अंबाबाईच्या फोटोच्या मागनं प्लास्टिकची पिशवी काढली, त्यात २०१८ पासनंच्या सगळ्या पावत्या, वर्षावार, रबर लावून. पोर्टिंगचा अर्ज पण आहे, जुन्या कंपनीचा शिक्का असलेला.

आई विचारत होती एवढं काय चाललंय. म्हटलं काही नाही, पॉलिसी रिन्यू करायचीय. उद्या झेरॉक्स काढून तक्रार अधिकाऱ्याला स्पीड पोस्टानं पाठवतो, ईमेल पण करतो. काका, तुमचा ६५ आणि ३५ चा आकडा मी खासदारांच्या ऑफिसला द्यायच्या पत्रात घालू का? दोन्ही पत्रं एकदमच पोस्टात टाकतो.


शिरोळचे_काका

घाला. आणि पोच घ्यायला विसरू नका, दोन्हींची.